व्हिसावर असताना टेक्ससमध्ये शिकार: मुंबईहून जाणाऱ्यांसाठी क्रमवार माहिती

भारतात शिकार हा विषय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ९ नं संपवला. त्यामुळे बोरिवलीच्या जंगलाशेजारी जन्म काढलेल्या माणसालाही शिकारीचं लायसन्स म्हणजे काय, हे ठाऊक नसतं. तोच माणूस नोकरीसाठी ह्यूस्टनला किंवा डॅलसला जातो, आणि दोन महिन्यांत ऑफिसातला सहकारी सहज विचारतो, "शनिवारी डुकरांवर चाललोय, येतोस?" तिथे हे अगदी रोजचं बोलणं आहे. पण व्हिसावर असलेल्या माणसानं त्याला हो म्हणण्याआधी तीन-चार गोष्टी ठराविक क्रमानं करायला हव्यात. क्रम चुकला तर सहकाऱ्याला जे माफ आहे, तोच तुमचा केंद्रीय गुन्हा ठरतो.

इथे टेक्सस धरून लिहिलं आहे. आपली माणसं तिथे भरपूर आहेत, आणि तिथले नियम नवख्याला समजायला सोपे आहेत. बंदुकीचा केंद्रीय कायदा साऱ्या अमेरिकेला एकच आहे. हंगाम, फी आणि टॅगचे (मारलेल्या जनावराला बांधायच्या चिठ्ठीचे) नियम मात्र राज्यागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्या राज्यात असाल तर तेवढा भाग तिथल्या वन्यजीव खात्याकडून चालू वर्षाचा घ्या.

आधी व्हिसा, मग बंदूक

एच-वन-बी, एल-वन, एच-फोर, एफ-वन हे सगळे तात्पुरत्या वास्तव्याचे व्हिसे. अशा व्हिसावरच्या माणसानं बंदूक किंवा काडतूस ताब्यात ठेवणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं गुन्हा आहे. शिक्षा १५ वर्षांपर्यंत, आणि हद्दपारीची टांगती तलवार वेगळी. ताबा म्हणजे मालकी नव्हे. मित्राची रायफल रेंजवर पाच मिनिटं हातात घेतली, तरी तो ताबाच. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी लागू नाही.

या बंदीला काही अपवाद आहेत. नोकरदाराच्या कामाचा त्यातला एकच: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यानं दिलेलं, मुदतीत असलेलं शिकारीचं लायसन्स तुमच्या नावावर असणं. म्हणजे आपल्यासाठी लायसन्स हा नुसता जनावर मारायचा परवाना नाही. बंदुकीला हात लावायचा हक्कच त्यातून येतो. अमेरिकेत राहायची कायदेशीर मुदत संपली असेल तर मात्र हा अपवादही वाचवत नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रानडुकरांपायी. टेक्ससमध्ये डुकरांचा उपद्रव इतका आहे की २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीनं डुक्कर मारायला लायसन्सच लागत नाही. सहकारी हेच सांगतो, आणि ते खरंही आहे, पण त्याच्यापुरतं. तुम्ही लायसन्सशिवाय त्याची बंदूक धरली तर राज्याचा नियम पाळूनही केंद्राचा मोडता. शिवाय तुमची स्थिती माहीत असून बंदूक हातात देणारा मित्रही अडकतो. म्हणून मारायचं डुक्कर असलं, तरी लायसन्स आधी काढा.

तारखेकडेही लक्ष ठेवा. टेक्ससचं वार्षिक लायसन्स ३१ ऑगस्टला संपतं आणि नवीन वर्षाची विक्री १५ ऑगस्टला सुरू होते. तुमची स्वतःची बंदूक कपाटात असेल आणि नवं लायसन्स घ्यायचं राहून गेलं, तर १ सप्टेंबरच्या सकाळी ती बंदूक जिथे आहे तिथेच बेकायदा ठरते. १५ ऑगस्ट आपल्याला विसरायची गरजच नाही. झेंडावंदनाच्याच दिवशी नवं लायसन्स घेऊन टाका.

जोडीदार एच-फोरवर असेल तर त्याचं किंवा तिचं लायसन्स वेगळं हवं. ते नसेल तर कपाटाची किल्ली फक्त तुमच्याकडे ठेवा. भेटीला आलेल्या आईबाबांना फोटोपुरतीसुद्धा रायफल देऊ नका. आणखी एक: गांजा राज्याच्या कायद्यानं चालत असेल तिथेही तो ओढणाऱ्याला केंद्राच्या कायद्यानं बंदूक वर्ज्य आहे.

बंदुकीच्या भानगडीत पडायचंच नसेल, तर धनुष्यबाण हा सरळ मार्ग आहे. धनुष्य केंद्रीय कायद्यात बंदूक धरलं जात नाही. शिकारीचं लायसन्स लागतंच, आणि तिरंदाजीच्या खास हंगामात लायसन्सला ७ डॉलरची जोड (एंडोर्समेंट, म्हणजे वाढीव परवानगी) लागते. पण हरणापासून वीस-पंचवीस यार्डांवर बसून बाण नेमका लावायला काही महिन्यांचा सराव हवा.

कोर्स आणि लायसन्स

२ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला टेक्ससमध्ये शिकारीचा सुरक्षा कोर्स सक्तीचा आहे. १७ वर्षांवरच्यांना तो पूर्ण ऑनलाइन करता येतो. १० डॉलर भरून एकदाच तो पुढे ढकलायची सोय आहे, पण नवख्यानं ती घेऊ नये. ज्यानं कधी बंदूक पाहिलेली नाही, त्यानं तर वर्गात बसून, हातात घेऊन शिकवणारा कोर्स निवडावा. या प्रमाणपत्राला बाकीची राज्यंही मान देतात, त्यामुळे पुढे नोकरी बदलली तरी ते चालतं.

मुंबईत असतानाच थोडी तयारी होऊ शकते. दादरला शिवाजी पार्कजवळ सावरकर स्मारकात रायफल क्लब आहे, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे. दहा मीटरवरच्या एअर रायफलवर दोन-तीन महिने घातले तर श्वास रोखणं, चाप हळू दाबणं आणि नळी कायम सुरक्षित दिशेला ठेवणं अंगवळणी पडतं. हरणाच्या रायफलचा धक्का वेगळा, पण ही सवय तीच.

लायसन्स ऑनलाइन किंवा खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. सोबत ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी नंबर आणि कोर्सचं प्रमाणपत्र ठेवा. अर्जाच्या लगेच आधी टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर व्हिसावर असूनही तुम्ही तिथले रहिवासी धरले जाता. हा फरक छोटा नाही: रहिवाशाचं साधं लायसन्स २५ डॉलर, बाहेरच्याचं ३१५. पैसे वाचवायला सहा महिने झाले असं खोटं लिहिलंत, तर तो गुन्हा आहे. व्हिसाच्या कामात खोटं बोलल्याची नोंद २९० डॉलरपेक्षा खूप महाग पडते.

पहिल्या वर्षी बंदूक विकत घेऊ नका. खेळासाठी किंवा शिकारीसाठी ती तात्पुरती उसनी किंवा भाड्यानं घेणं कायदेशीर आहे, आणि बऱ्याच रँचवर (गुराढोरांच्या मोठ्या खासगी जमिनींवर) ती मिळते. घ्यायचीच ठरवलीत तर दुकानदार जो केंद्रीय फॉर्म भरून घेतो, त्यात तुमचा आय-९४ चा (अमेरिकेत शिरतानाच्या प्रवेशनोंदीचा) नंबर आणि शिकारीचं लायसन्स दोन्ही लागतात. "मी परदेशी नागरिक नाही" या रकान्यावर घाईत खूण करणं हीच तिथली मोठी चूक. तो फॉर्म एकेक ओळ वाचूनच भरा.

जमीन

टेक्ससची ९५ टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. मालकाच्या संमतीशिवाय पाऊल टाकायचं नाही. कुंपण नाही, पाटी नाही, म्हणजे रान मोकळं आहे, असं समजू नका. काही ठिकाणी झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा मारलेला असतो, त्याचा अर्थ "आत येऊ नका" असाच होतो. संमती लेखी घ्या: मालकाचं नाव, तारखा, कुठलं जनावर, जमिनीची हद्द. फोनवर त्या जमिनीचा नकाशा उतरवून ठेवा, कारण आत नेटवर्क नसतं.

पर्याय दोन. रँचवर दिवसाचे पैसे भरून जाणं, किंवा ४८ डॉलरचा वार्षिक सार्वजनिक परवाना काढून राज्याच्या जमिनीवर जाणं. पहिल्या वेळी रँच बरी. तिथे मार्गदर्शक असतो, मचाण असतं, मारलेलं जनावर उचलायला गाडी असते. सार्वजनिक जमिनीवर भडक नारिंगी कपडा सक्तीचा आहे: एकूण किमान ४०० चौरस इंच, त्यातले १४४ छातीवर आणि १४४ पाठीवर, शिवाय डोक्यावर नारिंगी टोपी. हरणाला हा रंग आपल्यासारखा दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला दिसतो. खासगी जमिनीवर सक्ती नसली तरी घालाच.

काय मारायचं, कधी

होल्यांचा, म्हणजे कबुतरासारख्या रानपक्ष्यांचा, हंगाम राज्याच्या बऱ्याच भागात १ सप्टेंबरला उघडतो. तो बहुतेक वर्षी आपल्या गणपतीच्या आगेमागे येतो, तेव्हा घरी काय पाळतात ते बघून बेत आखा. व्हाइटटेल हरणाचा मुख्य हंगाम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो, म्हणजे साधारण दिवाळीच्या आगेमागे. डुकरांना हंगाम नाही. हरणासारख्या शिकारीच्या जनावरांसाठी वेळ सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत.

होला मारायला शॉटगनमध्ये एका वेळी तीनच काडतुसं मावली पाहिजेत. जास्त मावत असतील तर नळीखालच्या कप्प्यात अडसर घालावा लागतो. होल्याला ७ डॉलरची पक्ष्यांची जोड लागते, आणि दिवसाला १५ ही मर्यादा. इथे एक घोटाळा नवख्यांचा हमखास होतो. हरणासाठी मका टाकणं टेक्ससच्या खासगी जमिनीवर चालतं. त्याच पसरलेल्या मक्यावर उतरणारे होले मारणं हा केंद्रीय गुन्हा, आणि मका उचलल्यावरही दहा दिवस ती जागा बाद. मक्याचा फीडर दिसला, तर तिथे होल्यांसाठी बसू नका. गळ्यात काळी कंठी असलेला, आपल्याकडे तारेवर बसलेला दिसतो तो मोठा होला मात्र तिथे बाहेरून आलेला धरतात. त्याला संख्येची मर्यादा नाही.

आणि आता आपल्या माणसाला चकवणारी गोष्ट. टेक्ससमध्ये चितळ, काळवीट आणि नीलगाय मोकळ्या फिरतात. चितळ तिथे १९३२ मध्ये आणलं गेलं, नीलगायही त्याच सुमारास दक्षिण टेक्ससच्या एका मोठ्या रँचवर आली. कायद्याच्या लेखी ही बाहेरची जनावरं, त्यामुळे शिकारीचं लायसन्स आणि मालकाची संमती असली की वर्षभर मारता येतात, टॅगही लागत नाही. चितळाचं मांस तिथे फार चांगलं मानतात. हे सगळं पूर्ण कायदेशीर आहे. त्याचं मुंबईत काय होतं, ते शेवटी येतंच.

आखातात नोकरीला असाल, तर या विषयाच्या वाटेला जाऊच नका. संयुक्त अरब अमिरातीत रानटी प्राणी-पक्ष्यांच्या शिकारीला बंदी आहे. जर्मनीत शंभरावर तासांचा अभ्यास आणि तीन भागांची परीक्षा आहे, तिला लोक कौतुकानं "हिरवी बारावी" म्हणतात. जर्मन भाषा नीट येईपर्यंत ती झेपत नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारी जंगलाचा परवाना फुकट मिळतो आणि खुल्या भागात हरणाला बंद हंगाम नाही. पण तिथले गोळीचे बरेच अपघात एकाच कारणानं होतात: झुडपात हललेल्या माणसाला हरीण समजणं.

मचाणावर

डीअर ब्लाइंड म्हणजे आपलं मचाणच, बहुधा चारी बाजूंनी बंद पेटीसारखं. चढताना बंदूक रिकामी, दोरीनं मागून वर ओढायची. उघड्या मचाणावर कमरेचा आणि खांद्याचा पट्टा झाडाला बांधल्याशिवाय बसू नका. शिकारीतले कितीतरी गंभीर अपघात गोळीचे नसतात, मचाणावरून पडण्याचे असतात.

व्हाइटटेलसाठी .२४३, ६.५ क्रीडमोर किंवा .३०८ यातलं कुठलंही काडतूस पुरतं. .२२ रिमफायर या छोट्या काडतुसानं व्हाइटटेल मारणं टेक्ससमध्ये बेकायदा आहे. आदल्या दिवशी १०० यार्डांवर तीन गोळ्या झाडून बघा. तिन्ही एका वाटीत मावल्या पाहिजेत. दुर्बिणीला डोळा चिकटवू नका, धक्क्यानं भुवई फाटते. चार बोटं अंतर ठेवा.

हरीण आडवं उभं राहीपर्यंत थांबा. पुढच्या पायाच्या जरा मागे, छातीच्या खालून एक तृतीयांश उंचीवर नेम धरा: तिथे फुफ्फुसं आणि हृदय आहे. समोरून किंवा मागून गोळी घालू नका. हरणामागे काय आहे ते बघा. मागे टेकाड हवं, मोकळं क्षितिज नको.

गोळी लागल्यावर नवखा धावत सुटतो, ही सगळ्यात वाईट चूक. मागे लागलात तर जनावर जखम घेऊन मैलभर जातं. ते उभं होतं ती जागा, एखादी काटकी किंवा दगड बघून, मनात पक्की करा आणि अर्धा तास हलू नका. मग खाली उतरून रक्त बघा. गुलाबी, फेसाळ थेंब असतील तर फुफ्फुसाला लागलंय, हरीण जवळच पडलेलं असेल. गडद लाल, जवळजवळ काळपट असेल तर यकृत: अजून दोन-तीन तास थांबा. रक्तात हिरवट पाणी आणि शेणाचा वास आला तर पोटाला लागलंय. तेव्हा चार-सहा तास थांबायचं, नाहीतर तुम्ही त्याला पुढे पुढे हाकलत जाता आणि ते हातीच लागत नाही. माग काढत शेजारच्या हद्दीशी पोचलात तर तिथेच थांबून त्या मालकाला फोन करा. जखमी हरणामागे गेलो होतो, ही सबब तिथे चालत नाही.

टॅग, मांस, वाटे

व्हाइटटेल पडलं की पहिलं काम टॅग. कागदी लायसन्सवरच्या टॅगवर महिना आणि तारीख पेनानं लिहायची नसते, कापून काढायची असते. म्हणून खिशात छोटी सुरी ठेवा. टॅग लगेच हरणाला बांधा, मग लायसन्सच्या मागची नोंद भरा. फोटो नंतर. नर की मादी ओळखू येईल असा भाग मुक्कामी पोचेपर्यंत सोबत ठेवावा लागतो. तासाभरात पोट उघडून आतडी काढा, मूत्राशय न फुटेल असं. नोव्हेंबरमध्येही तिथे दुपारी ऊन चटकतं आणि मांस लवकर बिघडतं. मोठ्या कूलरमध्ये वीस-पंचवीस किलो बर्फ आधीच घेऊन जा. खालचं बूच उघडं ठेवा, म्हणजे मांस पाण्यात भिजत नाही. गोळीच्या जखमेभोवतीचं मांस चांगलं तळहाताएवढं कापून टाका, शिशाचे बारीक कण दूरवर पसरलेले असतात.

डुक्कर साफ करताना रबरी हातमोजे घालायलाच हवेत. रानडुकरांत ब्रुसेला नावाचा जंतू असतो, तो हाताच्या साध्या चिरेतून शरीरात जातो आणि महिनोन्‌महिने ताप पुरवतो. डुकराचं मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत शिजवा. रानटी जनावराच्या मांसातले कृमी नुसतं गोठवून नेहमी मरत नाहीत.

हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती सगळी काढा. खिमा कोरडा पडतो, म्हणून त्यात पाव हिस्सा मटणाचा चरबीदार खिमा मिसळला की मालवणी मसाल्यात तो उत्तम होतो. शिकारीचे वाटे मित्रांना द्यायचे तर सोबत कोणी, कधी, कुठे मारलं याची सहीची चिठ्ठी द्या. त्याचा ठरलेला नमुना लायसन्ससोबत मिळतो. शिकारीचं मांस विकायचं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात पैसे घेऊन वाढणंही त्यातच येतं.

परत मुंबईला

काहीही आणू नका. शिंग नाही, कातडं नाही, मांस नाही. चितळाचं शिंग टेक्ससचं आहे की मेळघाटचं, हे बघून कुणाला सांगता येत नाही. आपल्या वन्यजीव कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे ज्याच्या ताब्यात ते सापडलं, त्यानंच ते कायदेशीर आहे हे सिद्ध करायचं असतं. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. मारलेल्या चितळासोबतचे फोटोही सोसायटीच्या किंवा शाळेच्या ग्रुपवर टाकू नका. फोटो पुढे जातो, टेक्सस हा शब्द मागे राहतो, आणि चौकशी दादरच्या घरी येते.

शिकारीतला दंड तिथे किरकोळ वाटतो. टेक्ससचे साधे गुन्हे ५०० डॉलरपर्यंतच्या दंडाचे असतात. पण तोही फौजदारी गुन्हाच. अटक किंवा दोषसिद्धी झाली असेल, तर पुढचा व्हिसा शिक्का घ्यायला बीकेसीच्या वकिलातीत जाताना अर्जात ती सांगावी लागते. दंडाची चिठ्ठी मिळाली तर घाईनं पैसे भरून गुन्हा कबूल करण्याआधी स्थलांतराचा वकील गाठा.

निघायच्या आदल्या दिवशी शिकारीचं जाकीट, पँट आणि पाठपिशवी उलटी करून झटका. अस्तराच्या फाटक्या खिशातून, पिशवीच्या तळाच्या शिवणीतून एखादं काडतूस किंवा झाडलेलं रिकामं नळकांडं हमखास निघतं. विमानतळाच्या एक्स-रेत ते लख्ख दिसतं, आणि भारतात तो शस्त्र कायद्याचा मामला होतो. शिकारीला वापरलेली पाठपिशवी प्रवासाला वापरूच नये. ती तिथेच मित्राच्या गराजमध्ये ठेवून या.